स्वमत, प्रतिमत आणि चिठ्ठीत निघालेली बाजू

स्वतःचे नसलेले मत पूर्ण ताकदीनिशी मांडणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय, हा प्रश्न वकिलीच्या संदर्भात पुष्कळदा चर्चिला गेला आहे. शाळेच्या संदर्भात तो क्वचितच उपस्थित होतो. वास्तविक वकिलापेक्षा विद्यार्थ्याच्या बाबतीत तो अधिक बिकट आहे. वकिलाचे स्वतःचे मत तयार झालेले असते आणि ते बाजूस ठेवून तो अशिलाची बाजू मांडतो, असे निदान गृहीत धरता येते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे मत अजून घडत असते, आणि ते ज्या भाषिक व्यवहारांतून घडते त्यांपैकी एक म्हणजे दुसऱ्याने दिलेले मत आपल्या तोंडाने बोलून दाखवणे. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांत चालणारे मराठीचे, इंग्रजीचे व इतिहासाचे अध्यापन आणि वर्गाबाहेरच्या वक्तृत्व-वादविवाद स्पर्धा समोर ठेवून हा प्रश्न येथे तपासायचा आहे. सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, तेव्हा दोहोंचा एकत्र विचार करणे अस्वाभाविक नाही. परंतु हा प्रदेश निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. वाईची शास्त्रपरंपरा, तमाशाच्या फडातील सवाल-जवाब आणि आधुनिक इंग्रजी शिक्षण हे वादाचे तीन भिन्न संस्कार येथे काही कोसांच्या अंतरावर नांदत आले आहेत.

प्रथम वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. राज्य मंडळाच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यावरील वा कवितेवरील आकलनाच्या कृती संपल्या की ‘स्वमत’ या नावाची कृती येते. विद्यार्थ्याने स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत लिहावे, अशी अपेक्षा असते. कल्पना उत्तम आहे. घोकंपट्टीला आळा बसावा आणि मुलाने कवितेशी स्वतःचे नाते जोडावे हा तिचा हेतू स्पष्ट दिसतो. पण पाठ्यपुस्तक हाती पडल्यानंतर काही दिवसांतच बाजारात गाईड येते, आणि त्यात प्रत्येक पाठाखाली ‘स्वमत’ छापलेले असते. त्याचा आरंभ बहुधा ‘मला असे वाटते’ या शब्दांनी होतो. छापील ‘मला’! बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूविषयी लिहिले तेव्हा त्याच्या मनात असा लेखक खचितच नसणार, की ज्याची प्रथमपुरुषी सर्वनामे हजारो उत्तरपत्रिकांत एकाच दिवशी एकाच क्रमाने उमटतात. ही गोष्ट गमतीची वाटली तरी तिच्यातील नैतिक पेच साधा नाही. मुलगा खोटे बोलत आहे असे आपण म्हणणार नाही, कारण फसवण्याचा त्याचा हेतू नाही. हे मत त्याचे नाही हे परीक्षकाला ठाऊक आहे, आणि परीक्षकाला ते ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक आहे. तरीही एक गोष्ट शिकली जातेच. ‘मी’ हा शब्द रिकामा असतो, तो बाहेरून भरून घ्यायचा असतो आणि नीट भरला तर त्याचे गुण मिळतात, हे ती गोष्ट शिकवते.

या छापील स्वमतांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती जवळजवळ नेहमी सहमतीची असतात. कवीने श्रमाचे महत्त्व सांगितले असेल तर विद्यार्थ्यालाही श्रम महत्त्वाचे वाटतात, लेखकाने निसर्गाची महती गायली असेल तर विद्यार्थीही निसर्गप्रेमी निघतो. कवीचे म्हणणे एखाद्याला पटले नाही, किंवा पटले पण त्याच्या घरच्या अनुभवाशी जुळले नाही, ही शक्यता नमुना उत्तरात येत नाही. माणदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला पावसाच्या कवितेवर जे खरोखर म्हणायचे असेल, ते गाईडातील स्वमताहून निश्चितच निराळे असेल.

आता इंग्रजीचा तास पाहू. इंग्रजीच्या लेखनकौशल्यांत ‘व्ह्यू–काउंटरव्ह्यू’ नावाचा एक प्रकार गेल्या काही वर्षांत रुळला. एखाद्या विषयावरील मत व त्याचे काही मुद्दे दिलेले असतात, विद्यार्थ्याने त्याच्या विरुद्ध मत एका परिच्छेदात लिहायचे असते. मोबाइल हे वरदान आहे असे दिले असेल तर तो शाप कसा आहे हे लिहायचे; शाप दिला असेल तर वरदान. येथे ‘स्वतःचे मत लिहा’ असे कोणी म्हणत नाही. मत कोणाचे हा प्रश्नच नाही. प्रश्न युक्तिवादाचा आहे. सकृद्दर्शनी हा प्रकार उथळ, विद्यार्थ्याला मतांविषयी बेफिकीर करणारा वाटतो, आणि मराठीच्या अनेक अध्यापकांची त्याविषयीची नाराजी मी ऐकली आहे. माझे म्हणणे उलट आहे. या दोन प्रकारांत अधिक प्रामाणिक प्रकार इंग्रजीतला आहे. त्यात विद्यार्थी जे करतो तेच आपण करतो आहोत असे सांगतो. स्वमतात तो एक गोष्ट करतो आणि दुसरीच करत असल्याचे लिहून देतो.

यातून भाषांची एक विलक्षण वाटणी मात्र झाली आहे. सहमती मराठीत आणि मतभेद इंग्रजीत! आपल्या घराघरांतील भाषेकडे पाहिले तर हे अनपेक्षित नाही. ‘वाद घालू नकोस’, ‘उलट बोलू नकोस’, ‘मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये’ या वाक्यांवर आपण सारेच वाढलो आहोत. ‘उलट उत्तर’ हा शब्दप्रयोग पाहावा. त्यात उत्तराच्या खरेखोटेपणाला जागाच नाही, फक्त त्याच्या दिशेचा निषेध आहे. अशा भाषेत प्रतिमत हा उर्मटपणा ठरतो. तेच प्रतिमत इंग्रजीत लिहिले तर कोणी दुखावत नाही, कारण आजोबांशी, सरपंचांशी वा सोसायटीच्या चेअरमनशी कोणी इंग्रजीत बोलत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले आणि पुढे सेमी-इंग्रजी वर्ग वाढले. त्यामुळे मराठीचे काय होणार ही चिंता पुष्कळांनी व्यक्त केली आहे. शब्दसंपत्तीची आणि विज्ञानाच्या परिभाषेची चिंता रास्त आहे. परंतु मतभेदाची भाषा म्हणून मराठीचा सराव सुटत चालला आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

इतिहासाचा प्रकार तिसराच. २०१८ साली दहावीसाठी आलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेने होतो. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फ्रान्समधील ‘अ‍ॅनल्स’ संप्रदाय, स्त्रीवादी इतिहासलेखन आणि मायकेल फुको अशी ती मालिका आहे. जतच्या किंवा दहिवडीच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलीने फुकोचे नाव वाचावे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना पदव्युत्तर वर्गातही लाभली नव्हती. पाठ्यपुस्तककारांचे धाडस मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ज्ञान आणि सत्ता यांच्या गुंतागुंतीचा शोध घेणारा हा विचारवंत परीक्षेत येतो तो योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करण्याच्या प्रश्नात. ग्रंथाचे नाव दिले, लेखकाचे नाव निवडायचे. मोठ्या गुणांच्या प्रश्नांतला नेहमीचा प्रकार ‘विधान सकारण स्पष्ट करा’ हा. येथे विधान आधीच सिद्ध धरलेले असते, विद्यार्थ्याने त्याला कारणे पुरवायची. निष्कर्ष आधी आणि कारणे मागून, हा क्रम एकदा अंगवळणी पडला की इतिहासकार पुराव्याला प्रश्न विचारतो हे पहिल्या प्रकरणातील वाक्य पाठ असूनही त्याचा उपयोग होत नाही.

वर्गाबाहेरच्या स्पर्धांची स्थिती याहून निराळी नाही. या भागात वक्तृत्वाला जुनी प्रतिष्ठा आहे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या यशवंतराव चव्हाणांसारख्या नेत्यांच्या घडणीत शाळकरी वयातील भाषणांचा वाटा होता, आणि गावोगावच्या शिक्षकांना ते ठाऊक आहे. पण आज जिला वक्तृत्वस्पर्धा म्हणतात ती बहुतांशी पाठांतराची स्पर्धा असते. विषय आधी कळवले जातात, भाषण शिक्षक वा पालक लिहितात, कोणत्या वाक्याला हात वर करायचा हेही ठरलेले असते. पाच मिनिटांनी पहिली घंटा वाजते आणि ती वाजली की मुलगा समारोपाच्या परिच्छेदावर उडी मारतो. मधला युक्तिवाद गळाला तरी कोणाचे बिघडत नाही, कारण तो कोणी ऐकत नसतो. वादविवाद स्पर्धा त्यामानाने दुर्मिळ. त्यात चिठ्ठी काढून अनुकूल वा प्रतिकूल बाजू मिळते, आणि ‘मुलांना खोटे बोलायला शिकवता’ हा आक्षेप नेमका तिच्यावरच घेतला जातो. दुसऱ्याने लिहिलेले भाषण ‘माझे विचार’ म्हणून सादर करणाऱ्या मुलावर हा आक्षेप कोणी घेत नाही. त्याला ढाल मिळते.

या आक्षेपाचे उत्तर आपल्या परंपरेत आहे, आणि ते शोधायला फार दूर जावे लागत नाही. साताऱ्यापासून वाई जवळ आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत जो शास्त्राभ्यास चाले, त्याचा कणा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हा होता. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा नेमकेपणाने मांडल्यावाचून स्वतःचा सिद्धान्त मांडण्याचा अधिकार मिळत नाही, हा त्या शिस्तीचा गाभा. पूर्वपक्ष मांडणारा खोटे बोलत नाही, कारण तो ‘हे माझे’ असे म्हणतच नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे होतो तो वाद. विजयासाठी, छल व जाति यांसारख्या युक्त्याही वापरून होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा मोडायचा ती वितंडा. यातील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वाद गुरूशी, शिष्याशी, सहाध्यायांशी, असूया नसलेल्यांशी करावा असे सांगून सूत्रकार पुढे अशी मुभा देतात की जिज्ञासूने स्वतःचा पक्ष न स्थापताही त्यात बसावे. अजून मत न बनलेल्या माणसाला सभेत जागा आहे! जल्प आणि वितंडा यांनाही सूत्रकार सरसकट त्याज्य मानत नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी कुंपण असते तसा तत्त्वनिर्णयाच्या रक्षणापुरता त्यांचा उपयोग ते सांगतात. आपल्या शाळांत कुंपण आहे, आत अंकुर आहे की नाही हे मात्र कोणी पाहत नाही.

लोकपरंपरेतही याला समांतर असे काही आहे. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात शाहीर शक्तीच्या बाजूचा की शिवाच्या, हे गुरुपरंपरेने ठरते, म्हणजे बाजू त्याने निवडलेली नसते. तरीही समोरच्याचा कूट प्रश्न सोडवायचा तर दोन्ही बाजूंचे पुराण त्याला पाठ असावे लागते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव हे तर जन्माने कुलकर्णी. सवाल-जवाबाच्या या रंगभूमीवर त्यांनी जन्माने मिळालेलीच बाजू सोडून दिली. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

येथपर्यंतचा युक्तिवाद ग्राह्य मानला तर निष्कर्ष असा निघतो : परक्याची बाजू परकी म्हणून मांडणे यात अनीती नाही, परके मत स्वतःचे म्हणून मांडणे यात आहे. टेंभूच्या आगरकरांचे चरित्र हे या दुसऱ्या गोष्टीला दिलेल्या नकाराचे उदाहरण आहे. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांचे मत आणि आपले मत यांतील अंतर मिटणारे नाही हे स्पष्ट झाल्यावर १८८७ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याच वर्षी वाक्यमीमांसेवरील त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. कर्ता कोण आणि क्रिया कोणाची याचा विचार व्याकरणात करणाऱ्या माणसाने तोच विचार संपादकीयात केला, असे मला कधीकधी वाटते. ‘सुधारक’ दोन भाषांत निघे. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत, मराठी मजकूर आगरकरांचा. अर्थात ज्यांच्याशी मतभेद होता त्यांच्याच भाषेत, त्यांच्या माजघरात ऐकू जाईल अशा मराठीत आगरकरांनी तो मांडला, आणि त्याची किंमत म्हणून जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. मतभेद इंग्रजीपुरता ठेवला असता तर हे बहुधा टळले असते.

परंतु येथेच हा युक्तिवाद अडतो, आणि तो अडतो तेथे थांबून पाहिले पाहिजे. पूर्वपक्षाची शिस्त गृहीत धरते की सभेत बसण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न सुटलेला आहे. वाईच्या पाठशाळेपुरते बोलायचे तर लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ते गृहीतक स्वतःच तपासले; अस्पृश्यतेच्या प्रश्नावर येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनी ज्या पंडितांशी विचारविनिमय केला त्यांत तर्कतीर्थ होते. पण एकूण शास्त्रार्थाच्या परंपरेविषयी असे म्हणता येणार नाही. शाळेतील सभा तर सर्वांची आहे. त्या सभेत ‘आरक्षण रद्द करावे’ या विषयाची अनुकूल बाजू दलित विद्यार्थिनीला चिठ्ठीत निघाली, तर? हा कल्पित प्रसंग नाही, असे विषय स्पर्धांतून वर्षानुवर्षे दिले जातात. ज्या मुलाचे त्या विषयात काहीच पणाला लागलेले नाही त्याला ती बाजू हा बुद्धीचा व्यायाम आहे. तिला मात्र आपण या बाकावर का बसलो आहोत याचे खंडन स्वतः करायचे आहे, तेही जोशात, हावभावांसह, गुणांसाठी. चिठ्ठी सर्वांना समान आहे. तिच्यातून निघणारे ओझे समान नाही. या दोन जिल्ह्यांत तर गुंतागुंत आणखी आहे. मराठा समाजासाठीचा आरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये झाला, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, २०२४ मध्ये नवा कायदा आला. आटपाडी-माणकडच्या धनगर मुलांची मागणी वेगळीच. एके काळी ज्या घरांतील मुले प्रतिकूल बाजू सहज बोलत, त्याच घरांतील मुलांना आज अनुकूल बाजू आपली वाटते. विषयाचे शब्द तेच राहून त्यामागचा ‘मी’ बदलला.

यावर काही शिक्षक असे विषयच नकोत म्हणतात आणि मोबाइल शाप की वरदान यावर परततात. त्यांची अडचण समजते, तरी हा मार्ग मला मान्य नाही. येथे साताऱ्यातीलच एक विद्यार्थी आठवावा लागतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळातील शाळेच्या आठवणी त्यांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. बसायला वेगळे गोणपाट आणि नळाला स्वतः हात न लावता शिपायाने पाजले तरच पाणी, अशा त्या आठवणी. ज्याला सभेतच नीट बसू दिलेले नाही अशा मुलाने तेथे इंग्रजी शिकायला सुरुवात केली. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले अध्यक्षीय भाषण मंडळाला अडचणीचे वाटले. त्यांनी त्यात बदल करण्यास नकार दिला, परिषद रद्द झाली आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. हे स्वमत. पण त्या भाषणाची रचना पाहिली तर ती पूर्वपक्षांची आहे. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, ती वंशशुद्धी राखते, चातुर्वर्ण्य मूळ रूपात गुणकर्मावर आधारलेले होते, असे समर्थकांचे एकेक म्हणणे समोर ठेवून ते तपासले आहे. आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आपल्या उत्तरासह त्याच पुस्तकात छापली. प्रतिमतासाठी स्वतःच्या पुस्तकात जागा ठेवणे ही गोष्ट मराठी वाङ्मयीन वादांतही फारशी आढळत नाही.

तथापि आंबेडकरांनी तो पूर्वपक्ष स्वतः निवडला होता, त्यांच्यावर तो कोणी चिठ्ठीने लादला नव्हता, हा फरक पुसता येत नाही. म्हणून मला अशी मर्यादा सुचते : ज्या बाजूचा निष्कर्ष बोलणाऱ्याच्या सभेतील उपस्थितीवरच घाव घालतो, ती बाजू त्याच्यावर सोपवू नये; मात्र त्याने स्वतः ती मागितली तर नाकारूही नये. ती बाजू सभेत उच्चारलीच जाऊ नये, असे यातून निघत नाही. ती इतर कोणी मांडावी आणि त्यानंतर त्यानेच दुसऱ्या फेरीत प्रतिपक्षही मांडावा, म्हणजे चिठ्ठीत निघालेली बाजू ही मुक्कामाची जागा होणार नाही. ही मर्यादा वापरण्यासाठी शिक्षकाला आपल्या वर्गातील मुले ओळखावी लागतात, आणि ते कोणत्याही नियमावलीत बसवता येत नाही.

मराठीच्या स्वमताचे काय करायचे, हा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो स्पर्धेचा नसून सार्वत्रिक परीक्षेचा आहे. कवितेतील विचार मला पटत नाही असे लिहून, त्याची कारणे आपल्या गावच्या चार गोष्टींतून देणारी उत्तरपत्रिका उद्या परीक्षकापुढे आली, तर नमुना उत्तराशी तिचा मेळ बसणार नाही. गुण देण्याचा अधिकार परीक्षकाला आहे. कृतीचे नावच स्वमत असल्याने नियमाची अडचण नाही. गठ्ठा मोठा असतो, मुदत थोडी असते आणि ओळखीची वाक्ये डोळ्यांखालून लवकर जातात.